बाळाचें वजन आणि आईचें ओझें

घरांत बाळ जन्मलें कीं पूर्वीं पहिला प्रश्न "मुलगा कीं मुलगी?" असा असे. हल्लीं त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आला आहे, आणि तो पहिल्यापेक्षां पुष्कळच शहाणपणाचा आहे: "वजन किती?" अंधेरीच्या एखाद्या खासगी प्रसूतिगृहांत असो वा घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयांत असो, बाळ काट्यावर ठेवलें जातें आणि तो आंकडा थोड्याच वेळांत पुणें, नागपूर, क्वचित् सातासमुद्रांपलीकडील आप्तांपर्यंत जाऊन पोहोंचतो. तीन किलो असला तर मंडळी समाधानानें पेढे वाटतात. अडीच किलोंच्या खालीं असला तर चेहरे उतरतात, आणि मग कोणीतरी हळूच बोलून जातें, "हिनें नऊ महिने नीट खाल्लेंच नाहीं," किंवा "हिचा स्वभावच मुळीं काळजीखोर." आईच्या मनाचा बाळाच्या वजनाशीं कांहीं संबंध असतो काय, आणि असल्यास त्याचा जाब कोणीं कोणास विचारावयाचा, याचा विचार आज आम्ही करणार आहों.

प्रथम आंकड्याची गोष्ट. २,५०० ग्रॅमपेक्षां कमी भरणाऱ्या नवजात बालकास 'कमी वजनाचें' म्हणावें, हा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत सर्वत्र मान्य आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ज्या बालकांच्या जन्मवजनाची नोंद मिळाली, त्यांपैकीं शेंकडा सुमारें १८ बालकें या रेषेच्या खालचीं होतीं. म्हणजे दर पांच-सहा बालकांत एक. हें केवळ तान्हेपणापुरतेंच महत्त्वाचें आहे असें नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा दीर्घकाळ अभ्यास चालविला. त्यांत असें दिसून आलें कीं, इकडील बालकें इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांपेक्षां सरासरीनें सुमारें ८०० ग्रॅमांनीं हलकीं असलीं, तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटांतील अवयव. हा बांधा पुढें मधुमेहास अनुकूल ठरतो. तेव्हां जन्माच्या दिवशीं काट्यानें सांगितलेल्या गोष्टीचा पडसाद चाळिशी-पन्नाशींतहि उमटत असतो.

मूल हलकें होण्याचीं नेहमींचीं कारणें डॉक्टर मंडळी जाणतात, आणि त्यांचाच विचार आधीं झाला पाहिजे. दिवस पुरे भरण्यापूर्वींच प्रसूति होणें, जुळें असणें, आईच्या रक्तांत लोहाची उणीव असणें, रक्तदाब वाढणें, आईची उंची व अंगलट बेताची असणें, दोन बाळंतपणांत पुरेसें अंतर नसणें, तंबाखू किंवा मिश्री: यांपैकीं एखादें कारण बहुतेक वेळां सांपडतें. पण सर्व तपासण्या यथास्थित असूनहि मूल हलकें निपजलें, अशीं उदाहरणेंहि थोडीं नाहींत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत संशोधकांचें लक्ष आईच्या मनाकडे, आणि त्याहूनहि विशेष म्हणजे तिच्या गतायुष्याकडे वळलें, त्याचें हें एक कारण होय.

आमच्याकडे ही कल्पना अगदीं नवी आहे असें कोण म्हणेल? गर्भ सुखरूप राहण्यास ज्या गोष्टी साह्य करितात त्यांत मनाच्या प्रसन्नतेस चरकसंहितेनें अग्रस्थान दिलें आहे. गर्भवतीस चौथ्या महिन्यापासून दोन हृदयें असलेली समजावी, असें सुश्रुतसंहिता सांगते. 'डोहाळे' हा आपला घरगुती शब्द त्याच कल्पनेंतून आला आहे. मात्र जुन्या ग्रंथांत एखादी गोष्ट सांगितली आहे एवढ्यानें ती सिद्ध झाली असें आम्ही मानीत नाहीं, आणि आमच्या वाचकांनींहि मानूं नये. ती तपासून पाहावी लागते. आणि येथें तपासणें कठीण आहे, कारण मुद्दाम गर्भवतींना दुःख देऊन त्यांच्या बालकांचीं वजनें घेणें हें कोणासहि करतां यावयाचें नाहीं. म्हणून संशोधकांनीं दैवानें किंवा माणसांनीं आणलेल्या आपत्तींच्या नोंदी चाळल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, जर्मन लष्करानें पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा रोखला. त्या उपासमारींत ज्यांचे शेवटचे तीन महिने गेले, त्या मातांचीं बालकें सरासरीनें सुमारें ३०० ग्रॅमांनीं हलकीं भरलीं. पण तेथें भीतीबरोबर भूकहि होती. दोहोंचा हिशेब निराळा करणें अशक्य. दुसरें उदाहरण या दृष्टीनें अधिक बोलकें आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथें जे हल्ले झाले, त्यानंतर अमेरिकेंतील अरब लोकांकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें. तेथून हजारों मैल दूर असलेल्या कॅलिफोर्निया राज्यांतील जन्मनोंदी पुढें तपासण्यांत आल्या. हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नांवाच्या मातांमध्यें कमी वजनाच्या बालकांचें प्रमाण एक वर्षापूर्वींच्या त्याच महिन्यांपेक्षां सुमारें एक-तृतीयांशानें वाढलेलें आढळलें. इतर मातांमध्यें तशी वाढ दिसली नाहीं. त्या स्त्रियांच्या ताटांतील अन्न कमी झालें नव्हतें. बदलली होती ती शेजाऱ्यांची नजर. चिली देशांतील तारापाका प्रांतांत जून २००५ मध्यें मोठा भूकंप झाला. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ज्यांनीं तो अनुभवला त्यांच्या बालकांच्या वजनांत सरासरीनें सुमारें ५० ग्रॅमांची घट झाली, आणि तीहि मुख्यत्वें दिवस भरण्यापूर्वीं झालेल्या प्रसूतींमुळें.

हीं सारीं उदाहरणें गर्भारपणांतील आघातांचीं झालीं. पण ज्या आघातास वीस वर्षें लोटलीं, जो कदाचित् बालपणींच सोसला, त्याचें काय? २०१६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दोन हजारांहून अधिक गर्भवतींना त्यांच्या बालपणाविषयीं विचारण्यांत आलें: मारहाण, अत्याचार, हेळसांड, घरांतील व्यसनाधीनता, आईस होणारा जाच. अशा प्रत्येक प्रकारच्या अनुभवागणिक बालकाचें वजन सरासरीनें सुमारें १६ ग्रॅमांनीं कमी भरलें. सोळा ग्रॅम म्हणजे कांहींच नव्हेत, चहाचे तीन-चार चमचे साखर! पण ज्या मुलीच्या वांट्यास असे पांच-सहा अनुभव आले तिच्या बाबतींत ही बेरीज शंभर ग्रॅमांच्या घरांत जाते; आणि अडीच किलोंच्या रेषेशींच घुटमळणाऱ्या आमच्या देशांतील बालकांना शंभर ग्रॅम थोडे नसतात.

गेलेलें दुःख पोटांतील बाळापर्यंत पोहोंचतें तरी कसें? यांत गूढ असें कांहीं नाहीं. भीति वाटली कीं शरीर कॉर्टिसॉल नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडतें. ज्या मुलीनें लहानपणीं सदैव दचकत दिवस काढले तिच्या शरीरास ती संवयच जडते. पुढें संकट नसतांहि तें संकटासारखें वागतें. गर्भाशयांतील वार ही एरव्हीं चांगली पहारेकरीण असते. आईच्या रक्तांतील कॉर्टिसॉलचा पुष्कळसा भाग ती आपल्याजवळील एका विकराच्या साह्यानें निष्प्रभ करून टाकते. पण ताण फार झाला तर या पहाऱ्यांत ढिलाई येऊं शकते. शिवाय, लंडन येथें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ज्या गर्भवतींच्या मनांत अतिशय चिंता होती त्यांच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या रोहिण्यांत रक्तप्रवाहास अधिक अडथळा आढळला. यांखेरीज साध्यासुध्या वाटा आहेतच: धास्तावलेल्या बाईस झोंप लागत नाहीं, घास गोड लागत नाहीं, औषधाची गोळी वेळेवर घेण्याचें भान राहत नाहीं, आणि दवाखान्यांत जाण्यास ती टाळाटाळ करिते.

शरीर आपला भूतकाळ विसरत नाहीं याची साक्ष पुण्याच्या वरील अभ्यासांतहि मिळते. बाळाच्या आकारमानाचा संबंध आईच्या गर्भारपणांतील आहाराशीं जसा होता, तसाच तिच्या उंचीशीं आणि तिच्या डोक्याच्या घेराशींहि होता. उंची व डोक्याचा घेर हीं कांहीं नऊ महिन्यांत ठरत नाहींत. तीं तिच्या स्वतःच्या बाळपणांत, किंबहुना तिच्या आईच्या पोटांतच ठरूं लागतात. म्हणजे आज काट्यावर जें बाळ ठेवलें जातें त्याबरोबर त्याच्या आजीच्या घरांत काय शिजत होतें आणि नातीच्या आईस त्यांतलें किती मिळालें, याचेंहि थोडें वजन होत असतें.

येथें वाचकभगिनींनीं एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. हे सारे आंकडे सरासरीचे आहेत. बालपणीं कठोर दुःख भोगलेल्या असंख्य स्त्रियांना सशक्त, गुटगुटीत मुलें झालीं आहेत. आणि सुखांत वाढलेल्या कित्येकींचीं मुलें हलकीं निपजलीं आहेत. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहींत. दुःखाबरोबर पुष्कळदां दारिद्र्य, धूम्रपान, अपुरें अन्न हींहि येतात आणि कशाचा वांटा किती हें उकलणें सोपें नसतें. तेव्हां एखाद्या बाळाकडे बोट दाखवून "आईच्या मनस्तापानेंच हें असें झालें" असें सांगण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. डॉक्टरांनाहि नाहीं, मग सासूबाईंना, नणंदेला किंवा शेजारणीला कोठून असणार?

आतां आपल्या उपनगरांकडे वळूं. येथील सुशिक्षित घरांतील स्त्रियांना कसला आला आहे आघात, असें कोणी म्हणेल. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या रात्रीं हजारों माणसें कमरेएवढ्या पाण्यांतून चालत घरीं आलीं, कित्येक आलींच नाहींत. ज्या मुली तेव्हां आठ-दहा वर्षांच्या होत्या आणि खिडकींत उभ्या राहून आई-बापांची वाट पाहत होत्या, त्या आज मातृत्वाच्या वयांत आहेत. पुढच्याच वर्षीं, ११ जुलै २००६ रोजीं, पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. त्यांतील एक बोरिवलीस झाला. दुःखद घटना शहरावर येऊन जातात, शहर दुसऱ्या दिवशीं कामाला लागतें आणि त्याबद्दल त्याची वाहवाहि होते. परंतु एखाद्या घरांतील मुलगी मनानें त्या रात्रींतच अडकून राहिलेली असते, तिची विचारपूस करण्यास कोणास सवड नसते.

तरी अशा मोठ्या आपत्तींपेक्षां घराच्या चार भिंतींआडचे आघात संख्येनें कितीतरी अधिक. गर्भारपणांत पतीकडून जाच झालेल्या स्त्रियांना कमी वजनाचें मूल होण्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट असतो, असें अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१६ सालीं काढलेल्या निष्कर्षांत दिसतें. आणि हें आपल्यापासून दूर नाहीं. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत गर्भवतींच्या तपासणीच्या वेळींच त्यांना विश्वासांत घेऊन विचारलें असतां, दर सहा स्त्रियांत सुमारें एकीनें गर्भारपणांत जाच होत असल्याचें सांगितलें. ही माहिती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली आहे.

हें विचारण्याची प्रथा आपल्या शहरांत कशी पडली तेंहि सांगण्याजोगें आहे. २००० सालीं महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनीं मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत 'दिलासा' नांवाचा विभाग उघडला. रुग्णालयांत जखम बांधण्यास आलेल्या स्त्रीस ती जखम कशी झाली हें विचारावें, तिला धीर द्यावा, कायद्याची वाट दाखवावी आणि तिच्या सुरक्षिततेचा आराखडा तिच्याबरोबर बसून तयार करावा, हें त्या विभागाचें काम. देशांतील सरकारी रुग्णालयांत अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयत्न होता; पुढें महानगरपालिकेच्या इतर रुग्णालयांतहि तसे विभाग निघाले. अशा साह्याचा उपयोग बाळापर्यंत पोहोंचतो काय? अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरीं २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत जाच सोसणाऱ्या गर्भवतींपैकीं कांहींना तपासणीच्या वेळींच समुपदेशन देण्यांत आलें. त्यांच्यांत फारच अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचें प्रमाण इतरांपेक्षां स्पष्टपणें कमी आढळलें. आईचें ओझें हलकें करणें ही केवळ दयेची बाब नसून औषधोपचाराचाच एक भाग आहे, असें यावरून म्हणण्यास हरकत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना वाटेल, हें सर्व झोपडवस्तींतलें. आमच्या घरांत कोणी कोणावर हात उगारीत नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे तें ज्याचें त्यानें मनाशीं तपासून पाहावें. पण हात न उगारतांहि जीव कोंडमारून टाकण्याच्या ज्या कित्येक रीति आहेत त्यांत सुशिक्षित घरें मागें नाहींत. पहिलें मूल पोटांतच गेलें असतां "आतां त्याचें नांवसुद्धां काढायचें नाहीं" असें बजावून दुसऱ्या खेपेस त्या सुनेकडून हंसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करणें. पहिली मुलगी असतां "या वेळीं तरी" एवढेंच म्हणून थांबणें. ग्रहणाच्या दिवशीं तिला पाण्याच्या घोटावांचून एका जागीं बसवून तिच्या मनांत नसती भीति भरणें. हीं आमच्या मतें साधीं कृत्यें नव्हेत. आणि डोहाळजेवणाच्या दिवशीं, पांच सुवासिनी ओटी भरीत असतां, मुलीची स्वतःची आई विधवा म्हणून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहते, तें दृश्य ती गर्भवती पाहत असते. ज्या समारंभाचा हेतु तिचें मन प्रसन्न करण्याचा, तोच समारंभ तिच्या काळजांत कांटा रुतवून जातो. त्या आईस पुढें बोलावून पहिली ओटी तिच्याच हातून भरविली तर कोणतें शास्त्र बुडणार आहे?

आणखी एका संवयीबद्दल स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. ती म्हणजे गर्भवतीस "आनंदी राहा" असा हुकूम सोडण्याची. गर्भसंस्काराच्या नांवाखालीं हल्लीं या हुकुमास मोठीच प्रतिष्ठा आली आहे. सुंदर संगीत ऐकावें, सद्ग्रंथ वाचावेत, वाईट विचार मनांत आणूं नयेत, हें सारें चांगलेंच आहे. पण ज्या स्त्रीच्या मनांत भय आहे तिला "भिऊं नकोस, बाळावर परिणाम होईल" असें सांगणें म्हणजे तिच्या डोक्यावरील एका ओझ्याचीं दोन ओझीं करणें होय. आतां ती भितेंहि आणि भ्यालें म्हणून अपराधीहि होते. वर दिलेले अभ्यास वाचून कोणी आपल्या सुनेस असा उपदेश करूं लागेल, तर हा लेख न लिहिलेलाच बरा होता असें आम्हांस वाटेल.

या बाबतींत चरकसंहितेंतील एक दृष्टान्त मोठा मार्मिक आहे. तेलानें कांठोकांठ भरलेलें पात्र नेणारा मनुष्य तें हिंदकळूं नये म्हणून जसा जपतो, त्याप्रमाणें गर्भवतीची शुश्रूषा करावी, असा त्याचा भावार्थ. वाक्याचा रोंख कोणाकडे आहे तें पाहावें. न हिंदकळण्याची जबाबदारी पात्रावर टाकलेली नाहीं. जो पात्र वाहतो त्याच्यावर, म्हणजे पतीवर, घरावर, वैद्यावर टाकली आहे. आम्ही मात्र शतकानुशतकें तो उपदेश पात्रालाच करीत आलों आहों.

तर मग वाहणाऱ्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट ही कीं, जागें होण्यास दिवस जाण्याची वाट पाहूं नये. मुंबईंतील झोपडवस्त्यांत २००६ पासून एक मोठा प्रयोग झाला. मूल व्हावें अशी इच्छा असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधींपासून पालेभाज्या, फळें व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यांत आला. एकंदरींत पाहतां बालकांच्या वजनांत लक्षणीय फरक पडला नाहीं. परंतु ज्यांनीं गर्भधारणेपूर्वीं निदान तीन महिने हा खाऊ सुरू केला होता त्यांच्या बालकांचें वजन सरासरीनें ४८ ग्रॅमांनीं अधिक भरलें. अन्नाचें जें, तेंच मनाचें असावें असा आमचा तर्क आहे. लग्न होऊन आलेल्या मुलीस या घरांत निर्भयपणें बोलतां येतें, ही खात्री तिला पहिल्या वर्षींच मिळाली पाहिजे. सातव्या महिन्यांत हिरवी साडी नेसवून ती देतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट विसाव्याची. पुण्याच्या अभ्यासांत अतिकष्टाचें काम करणाऱ्या मातांचीं बालकें अधिक हलकीं आढळलीं. तेथें पाणी आणणें व शेतांतील काम होतें. येथें बोरिवलीहून चर्चगेटपर्यंतचा उभ्यानें प्रवास आणि घरीं आल्यावर ओटा आहे. गर्भवतीच्या विसाव्याचा प्रश्न घरापुरता नसून समाजाचा आहे, हें याच मुंबईनें फार पूर्वीं ओळखलें होतें. २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत प्रसूति-साहाय्याच्या विधेयकास पाठिंबा देतांना, प्रसूतीपूर्वीं व नंतर मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे असें प्रतिपादन केलें. आणि १९२९ सालीं कारखान्यांतील स्त्रियांसाठीं तो कायदा झाला. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळूं लागली व त्यांतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वीं घेण्याची सोय झाली. हे आठ आठवडे बाळ झाल्यावर उपयोगीं पडतील म्हणून राखून ठेवण्याकडे घरांचा कल असतो. ज्यांच्या कामाचा ताण फार आहे त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांतील कांहीं भाग आधींच घ्यावा, असें आम्ही सुचवितों.

तिसरी गोष्ट माहेराची. पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरीं जाते या चालींत मोठेंच शहाणपण आहे. जेथें चुका पोटांत घातल्या जातात, जेथें दुपारीं निजलें तर कोणी नांवें ठेवीत नाहीं, अशा जागीं शेवटचे महिने जावेत हें उचितच. परंतु प्रत्येक मुलीचें माहेर तसें नसतें. कोणाच्या बालपणींची भीति त्याच घरांत, त्याच आप्तांत घडलेली असते. एखादी मुलगी माहेरीं जाण्यास नाखूष असेल तर "असें कसें, चालच आहे" असें म्हणून तिला ढकलूं नये. तिला कारणहि फार खोदून विचारूं नये. तिचें माहेर मुलुंडच्या तिच्या दोन खोल्यांतच मांडावें. रीत माहेरपणाची आहे, पत्त्याची नव्हे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विचारण्याची. "तुला कशाची भीति वाटते का? झोंप लागते का? पूर्वींचें कांहीं पुन्हां पुन्हां आठवतें का?" हे तीन प्रश्न पतीनें विचारावेत, आणि उत्तर मिळाल्यावर सल्ला न देतां ऐकून घ्यावें. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणीस जातांना हिमोग्लोबिनाच्या कागदाबरोबर या गोष्टीहि सांगाव्यात. आणि तपासणीच्या खोलींत दोन मिनिटें तरी तिला डॉक्टरांशीं एकटीनें बोलूं द्यावें. दोन आठवड्यांपेक्षां अधिक काळ मन उदास असेल, रडूं आवरत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास मुळींच संकोच करूं नये. गर्भारपणांत देतां येण्याजोगे उपचार आहेत. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर टेलिफोन करून कोणासहि मोफत बोलतां येतें.

एवढें करूनहि मूल हलकें झालें तर? तर तें तसें झालें एवढेंच समजावें. वजन हें आईच्या वागणुकीचें प्रगतिपुस्तक नव्हे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली, ती अशाच चिमुकल्या जीवांसाठीं. आईचें दूध, आणि बाळास तासन् तास उराशीं धरून ठेवण्याची, 'कांगारू' म्हणून ओळखली जाणारी रीत, या दोन साध्या उपायांनीं असंख्य हलकीं मुलें भराभर वाढलीं आहेत. आणि त्या उराशीं धरण्यानें आईचेंहि मन निवतें, हें विशेष. वडिलांनींहि बाळास असें उराशीं घेतलें तर चालतें. तेवढ्या वेळांत आईस झोंप मिळते.

पुढील वेळीं कोणाच्या घरीं बाळ झाल्याची वार्ता आली आणि "वजन किती?" असें आपण विचारलें, तर उत्तर कांहींहि येवो, त्यामागोमाग "आणि ती कशी आहे?" हा प्रश्न जरूर विचारावा, आणि तिच्या तोंडून उत्तर येईपर्यंत थांबावें.